घटस्फोट कोर्टानं दिला, मग त्याचा कागद कोण देणार?

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीएफ, शाळेचे प्रवेश, सगळं भरून देतो. वीस वर्षं कागदातच गेली. तरी गेल्या सप्टेंबरपासून दुकानात जे बघतोय ते आधी कधी बघितलं नव्हतं. थोडं लांबेल, पण वाचा. तुमच्या घरात नसली तरी गल्लीत अशी एक तरी बाई नक्की असेल.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. बाईचा आधार, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, दोन्हीकडं ओटीपी. ज्यांचा संसार चालू आहे त्यांचं काम पाच मिनिटांत झालं. विधवा बायकांनी मृत्यूचा दाखला आणला, तोही नगरपालिकेत मिळतो. घटस्फोटित बायकांना मात्र सांगितलं, घटस्फोट प्रमाणपत्र किंवा न्यायालयाच्या आदेशाची सत्यप्रत जमा करा.

घटस्फोट प्रमाणपत्र! मी वीस वर्षांत अख्ख्या महाराष्ट्रातले कागद स्कॅन केले, असलं प्रमाणपत्र एकदाही काचेवर ठेवलेलं नाही. कारण ते देणारं ऑफिसच नाही. जन्माची नोंद आहे, मृत्यूची आहे, लग्नाची आहे. घटस्फोटाची वेगळी नोंदवही आपल्याकडं नाही. जो काही पुरावा आहे तो कोर्टाचा हुकूमनामा, आणि तो ज्या कोर्टानं दिला त्याच कोर्टात. म्हणजे सरकारनं बाईला सांगितलं, "आमच्याच कपाटातला कागद तू शोधून आण आणि आम्हाला दाखव."

आता माझ्या ताईचं सांगतो.

ताईचा घटस्फोट २००८ साली झाला. दोघांच्या संमतीनं, म्हणजे हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब. सासर परजिल्ह्यात, इथून एकशेवीस किलोमीटर, म्हणून अर्ज तिकडच्या कोर्टात. दोघांचा वकील एकच, तोही त्यांच्या ओळखीचा. न्यायाधीशांनी तिला दोन प्रश्न विचारले, तिनं मान हलवली. बाहेर आल्यावर वकील म्हणाले, "झालं बाई, सुटलात. जावा आता." ताई एस.टी.त बसून घरी आली. हातात काही नव्हतं. आणि कागद मागायचा असतो हे कुणी सांगितलंही नाही. आम्ही सगळे त्या वेळी तिच्या रडण्याकडं बघत होतो, कागदाकडं कोण बघणार? पुढं वकिलानं एक झेरॉक्स दिली होती, ती २०१९ च्या महापुरात ट्रंकेसकट गेली.

त्या कोर्टाचं नाव मी लिहिणार नाही. एका कोर्टाचं नाव घेतलं की बाकीची सगळी सुटतात, आणि गाऱ्हाणं एका कोर्टाचं नाहीच.

पहिली फेरी. नकलेच्या खिडकीवर विचारलं, "प्रकरण नंबर?" ताईला नंबर कुठला माहीत? "वर्ष?" २००८. "अर्ज दाखल कधी, निकाल कधी?" ती सांगते, "पावसाळ्यात." मागची माणसं हसली. तिथून परत.

दुसरी फेरी. वकील वारलेले. त्यांच्या ज्युनियरनं, भला माणूस, जुन्या डायऱ्या काढून नंबर शोधून दिला. तोवर खिडकी बंद झाली होती.

तिसरी फेरी, मी बरोबर गेलो. नकलेचा अर्ज लिहिला, कोर्ट फीचं तिकीट चिकटवलं, अर्ज आत गेला. फाईल जुन्या रेकॉर्ड रूमला, आठ दिवसांनी या. 

चौथी फेरी. फाईल सापडली, आणि आता ऐका, निकाल आहे पण हुकूमनामाच तयार केलेला नाही! सतरा वर्षं झाली. मी विचारलं, असं कसं? कारकून शांतपणे म्हणाला, "कुणी मागितला नाही ना. अर्ज आला की बनवतो."

पाचवी फेरी. कागद मिळाला. पावती ६२ रुपयांची.

६२ रुपये सरकारी. ताईचा रोज ४०० रुपयांचा, पाच दिवस बुडाले म्हणजे २,०००. एस.टी.चं तिकीट बायकांना अर्धं आहे तरी जाऊन-येऊन २२० रुपये, पाच वेळा १,१००. माझा खर्च धरतच नाही. ३,१०० रुपये घालवून बाईनं काय सिद्ध केलं? तर महिना दीड हजार घ्यायला ती पात्र आहे. दोन हप्ते हे सिद्ध करण्यातच गेले.

आता खरी गोष्ट सांगतो, जी मला चौथ्या फेरीनंतर एका ओळखीच्या वकिलानं सांगितली आणि मला रात्री झोप लागली नाही.

हिंदू विवाह कायदा, १९५५. कलम २३, पोटकलम ४. १९७६ च्या दुरुस्तीनं आलेलं. त्यात असं आहे की घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की ज्या कोर्टानं तो दिला त्या कोर्टानं त्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यायची आहे. पक्षकारानं मागितली तर, असं त्यात नाही. अर्ज केला तर, असंही नाही. द्यायचीच आहे.

म्हणजे २००८ साली, त्या पावसाळ्यातल्या दिवसांत, ताईच्या हातात तो कागद फुकट पडायला हवा होता. हा तिच्यावर उपकार नव्हता. पन्नास वर्षं झाली या दुरुस्तीला. आणि दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश २०, नियम ६-अ आहे. निकाल दिल्यापासून पंधरा दिवसांच्या आत हुकूमनामा तयार झाला पाहिजे, असा. पंधरा दिवस! इथं सतरा वर्षांनी "अर्ज आला की बनवतो."

कायदा मोडला म्हणून आपल्याला दंड होतो. हेल्मेट नाही, पावती. घरपट्टी उशिरा, व्याज. आणि कायद्याच्या घरातच कायद्याचं काम राहिलं तर त्याचा दंड कुणी भरायचा? तोही ताईनंच. ३,१०० रुपये.

ताईचं एकवेळ सोडा, तिला माझ्यासारखा कागदातला भाऊ आहे. दुकानात आलेल्या बाकीच्यांचं सांगतो, नावं न घेता.

एकीनं पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेली सोडचिठ्ठी आणली. पंचांच्या सह्या, दोन्हीकडच्या मामांच्या सह्या, लॅमिनेशन केलेलं. तिला वाटतं हाच घटस्फोट. मी कसं सांगू तिला? हिंदू विवाह कायद्यात नोटरीच्या कागदानं लग्न मोडत नाही. जमातीत रूढीनं काडीमोड चालत आलेली असेल तर कलम २९ ती मान्य करतं, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. बाकीच्यांचा तो कागद म्हणजे फक्त स्टॅम्पचा खर्च. आणि लोक नोटरीकडं का जातात, हे कोर्टाच्या नकलेच्या खिडकीवर एकदा उभं राहिलं की कळतं. नोटरी अर्ध्या तासात कागद हातात देतो.

दुसरीचा हुकूमनामा वकिलाकडं अडकलेला. फीचे राहिलेले पैसे द्या, मग देतो. पक्षकाराच्या हातात थेट प्रत गेली असती तर हे ओलीस प्रकरण झालंच नसतं.

तिसरीचं ऐकून मी फॉर्म बाजूला ठेवला. नवऱ्यानं एकतर्फी हुकूमनामा मिळवला. कधी, कुठल्या कोर्टात, हिला माहीतच नाही. समन्स कुणी घेतलं, कुठं चिकटवलं, देव जाणे. त्यानं दुसरं लग्न केल्यावर कळलं. आता ही नक्कल कुठं मागणार? आणि अपिलाची मुदत? ती कधी सुरू झाली नि कधी संपली, हेही हिला कागद बघितल्याशिवाय कळणार नाही. एका कागदावर किती गोष्टी लटकलेल्या असतात बघा. रेशनकार्डावरून नाव वेगळं करणं, संजय गांधी निराधारचा अर्ज, दुसरं लग्न, पोटगीची वसुली. सगळीकडं पहिला प्रश्न तोच, "कोर्टाचा कागद आहे का?"

आता उलट बाजूनं जे बोललं जातं त्याला उत्तर देतो, कारण खाली कॉमेंटमध्ये ते येणारच आहे.

"कागद जपून ठेवायला नको का?" अहो, दिलेला कागद जपतात. न दिलेला कसा जपायचा? आणि ज्या बाईनं एका पिशवीत कपडे घेऊन घर सोडलं, तिनं काय फाईल काढून बाहेर पडायचं होतं?

"योजनेत बोगस लोक घुसले, तपासणी नको का?" हवी. पुरुषांनी बायकांच्या नावावरचे पैसे उचलले हे पेपरात आपण वाचलं. तपासा ना. पण तपासणी करणाऱ्यानं तपासायचं असतं. कोर्टाचं रेकॉर्ड सरकारी, योजना सरकारी. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ साली केंद्रानं ७,२१० कोटी मंजूर केले, त्यात जुन्या फायली स्कॅन करणं हे मोठं काम आहे. मग बाईनं फक्त प्रकरण नंबर द्यावा आणि अधिकाऱ्यानं खात्री करून घ्यावी, हे का होऊ नये? एवढ्या कोटींचं कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून माझी ताई एस.टी.त बसते.

"कोर्टात माणसं कमी आहेत." खरं आहे. त्या कारकुनाच्या टेबलावरचे गठ्ठे मी बघितले, पंख्याखाली दोऱ्यानं बांधलेले. त्याच्यावर माझा राग नाही. पण हिशोब बघा. निकालाच्या दिवशी फाईल टेबलावर असते, नंबर माहीत असतो, दोन्ही पक्ष समोर उभे असतात. त्या आठवड्यात प्रत काढायला किती वेळ? आणि सतरा वर्षांनी तीच फाईल गठ्ठ्यातून शोधायला किती माणसं लागतात? काम टाळल्यानं काम कमी झालं नाही, चौपट झालं.

"घटस्फोटाचं प्रकरण खाजगी असतं, कुणालाही नक्कल कशी देणार?" कुणालाही देऊ नकाच. कलम २२ प्रमाणं ही प्रकरणं बंद दरवाजाआड चालतात आणि छापायला मनाई आहे, ते योग्यच आहे. आमच्या गल्लीतली एक मुलगी अमेरिकेत टेक्सासला असते, तिचा घटस्फोट तिकडंच झाला. तिकडं काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं. त्या काउंटीच्या कोर्टाचा क्लार्क हुकूमनामा सांभाळतो, नाव आणि अंदाजे साल सांगितलं की शोधून देतात, फी भरली की शिक्क्याची प्रत टपालानंही पाठवतात. गंमत म्हणजे तिथंही राज्याच्या ऑफिसात गेलं तर नुसतं घटस्फोट झाल्याची खात्री देणारं पत्र मिळतं, हुकूमनामा काउंटीकडंच. पण तिथं ही फाईल बहुतेक वेळा शेजाऱ्यालाही बघता येते. ते मला नको आहे. आमच्याकडं शेजाऱ्याला काय काय कळतं ते पुरेसं आहे. मी एवढंच म्हणतोय, तिऱ्हाईताला बंद ठेवलेला दरवाजा त्या बाईलाच बंद कसा? ती पक्षकार आहे. तिचंच नाव त्या कागदावर आहे.

आणि लांब कशाला जायचं, गोव्याकडं बघा. तिथं लग्नाची नोंद नागरी नोंदणी ऑफिसात असते आणि कोर्टानं घटस्फोट दिला की त्याची नोंद त्या लग्नाच्या नोंदीवरच होते. लग्न जिथं लिहिलं, तिथंच मोडलं असंही लिहिलं. एक नोंदवही, एक खिडकी. आमच्या सीमेवरून गाडी काढली तर संध्याकाळपर्यंत पोचतो, एवढ्या अंतरावर हे चाललंय.

काहीजण म्हणाले, माहिती अधिकारात मागा. तोही रस्ता नाही. २०२० साली सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की कोर्टाच्या प्रकरणातली नक्कल कोर्टाच्या नियमांप्रमाणं अर्ज करूनच घ्यायची, माहिती अधिकारातून नाही. ठीक आहे. मग कोर्टाचे नियम तरी कोर्टानं पाळावेत.

आता कामाचं. ज्यांना कागद काढायचाय त्यांच्यासाठी, मी पाच फेऱ्यांत जे शिकलो ते लिहून ठेवतो.

१. आधी कोर्ट ठरवा. लग्न जिथं झालं, दोघं शेवटचे एकत्र जिथं राहिले, समोरचा जिथं राहतो, किंवा बाईनं अर्ज केला असेल तर ती जिथं राहत होती, यांपैकी एका ठिकाणी प्रकरण चाललेलं असतं. जिथं कुटुंब न्यायालय आहे तिथं तिकडं, नाहीतर दिवाणी न्यायालय वरिष्ठ स्तर.

२. नंबर नसेल तर ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर पक्षकाराच्या नावानं आणि वर्षानं शोधा. "निकाली" प्रकरणं निवडा. माहेरचं नाव, सासरचं नाव, इंग्रजी स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार, सगळं टाकून बघा. नवऱ्याच्या नावानंही शोधा. सापडलं तर सोळा अक्षरी सीएनआर नंबर लिहून ठेवा. फार जुनी प्रकरणं तिथं नसतात, मग कोर्टातल्या नोंदवहीतच शोधावं लागतं. एकतर्फी निकाल ज्यांच्या नावावर झालाय त्यांनी हे आजच करा.

३. अर्जात "निकालाची आणि हुकूमनाम्याची, दोन्हींची प्रमाणित प्रत" असं लिहा. निकाल म्हणजे न्यायाधीशांनी कारणांसह लिहिलेला, हुकूमनामा म्हणजे त्यातून काय ठरलं तो औपचारिक कागद. एकच मागितला तर दुसऱ्यासाठी परत फेरी.

४. अर्जात कलम २३(४) चा उल्लेख करा. "हुकूमनाम्याची विनामूल्य प्रत मला अद्याप मिळालेली नाही" हे वाक्य लिहा. नम्रपणे, पण लिहा. हिंदू विवाह कायद्यात बौद्ध, जैन, शीखही येतात, त्यांनाही हे लागू आहे.

५. अर्जाची पोच घ्या. तारीख आणि अर्ज नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

६. एकटीनं जमत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणं कुठल्याही बाईला तिथं वकील मोफत आहे, उत्पन्न कितीही असो. फोन नंबर १५१००. नक्कल काढायलाही मदत मागता येते.

हे झालं आपण काय करायचं. पण आपणच किती करायचं? म्हणून मागण्या.

कोर्टांनी कलम २३(४) पाळावं. निकालानंतर पंधरा दिवसांत हुकूमनामा, आणि दोन्ही पक्षांची सही घेऊन प्रत हातात. ती सही रोजनाम्यात लागल्याशिवाय फाईल रेकॉर्ड रूमला जाऊ नये. एवढं एक बंधन घातलं तरी पुढच्या पिढीचं हे दुखणं संपेल.

नकलेच्या खिडकीवर मराठीत, मोठ्या अक्षरात फलक लावा: काय लागतं, किती फी, किती दिवस. तहसीलला लागतो तसा.

परजिल्ह्यातल्या प्रकरणाची नक्कल जवळच्या कोर्टात अर्ज करून मिळावी. बँकेचं पासबुक कुठल्याही शाखेत भरून मिळतं, मग हे का नाही?

आणि सरकारला. ज्या बाईनं नकलेचा अर्ज केलाय त्या अर्जाची पोच पुरावा म्हणून धरा आणि कागद येईपर्यंत तिचा हप्ता थांबवू नका. ई-केवायसीची मुदत आधी १८ नोव्हेंबर होती, मग ३१ डिसेंबर केली. तारखा वाढवून काय होतं? रेकॉर्ड रूमची किल्ली ज्याच्याकडं आहे त्याला कुणी तारीख दिली का?

निवडणुकीत लाडक्या बहिणींचे फोटो लागले, मेळावे झाले, राख्या बांधल्या. पण नवऱ्यानं टाकलेली, कोर्टानं विसरलेली बहीण त्या फोटोत नसते. ती माझ्या दुकानात बाकावर बसलेली असते आणि विचारते, "दादा, दुसरा कुठला कागद चालंल का?"

ताईचा हुकूमनामा मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्कॅन केला. दोन पानं. तिनं पहिल्यांदाच वाचला. मग म्हणाली, "एवढंच होय रे? एवढ्यासाठी सतरा वर्षं मला कुणी विचारलं की मी खाली बघत होते." मी काही बोललो नाही. दहा झेरॉक्स काढल्या आणि एक लॅमिनेट केली.

पोस्ट पुढं पाठवा. आपल्याकडच्या वकील मंडळींनी चूक असेल तर सांगा, दुरुस्त करीन. आणि ज्यांना अर्ज लिहून हवाय त्यांनी दुकानात या. नकलेच्या अर्जाचे पैसे मी घेणार नाही. कायद्यानं जे फुकट आहे त्याचा अर्जसुद्धा फुकटच असला पाहिजे.